डावीकडचा रकाना

११ मे २०२५, रविवार

ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचं काम करायचं नाही असा नियम आहे, म्हणून ही वही.

इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची आहे. दोन गाड्या शिल्लक राहिल्या आहेत. त्यांची नावं इथे लिहिणार नाही, कारण नाव लिहिलं की जाहिरात आठवते. एक 'क', दुसरी 'ख'. मी चार्जर बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात आहे. दोन वस्तू शेजारी ठेवून त्यांतली बरी कोणती हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. घरच्या कामाला वेगळी पद्धत कशाला?

गाडी मी घेणार, चालवणार आबा. एकतीस वर्षं त्यांनी शेठचा टेम्पो चालवला. बमरोलीच्या लूमवरून कोऱ्या कापडाचे ताके उचलायचे, पांडेसऱ्यात रंगाईच्या कारखान्यात उतरवायचे. दोन वर्षांपूर्वी सोडलं. स्वतःचं वाहन म्हणाल तर सायकल. त्यांची अट एकच आहे: यंदा कानबाईला गावी जायचं ते आपल्या गाडीने, आणि स्टिअरिंगवर ते. कानबाई, आमची श्रावणातली देवी, ३ ऑगस्टला बसते. इथून, डिंडोलीतून, अमळनेरजवळचं आमचं गाव, दोनशे पंचावन्न किलोमीटर, मध्ये कोंडाईबारीचा घाट. बारा आठवडे आहेत. पुरेत.

पद्धत: चालक तोच, रस्ता तोच, वेळ तीच. म्हणजे जो फरक दिसेल तो गाडीचाच.

१८ मे, रविवार

'क' चालवून पाहिली. सकाळी सात, डुमस रस्ता. आबा चालवायला, मी डाव्या सीटवर, शोरूमचा माणूस मागे.

पिकअप चांगला. सीट खोल आहे, आबांना उतरताना दाराला धरावं लागलं. पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, त्याची सवय त्यांना तीन मिनिटांत झाली. वळताना मागचं डावं चाक फुटपाथच्या कठड्यावर चढलं. पुढच्या काचेचा डावा खांब जाड आहे, चार बोटं भरेल. त्यामुळे कोपरा दिसत नसावा. नोंद केली.

उतरल्यावर विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली शे."

"चांगली म्हणजे? दहापैकी?"

आबा हसले. "टेम्पोले कोन्ही मार्क देस का?"

आबांकडून आकडा मिळत नाही. त्यांच्या मतासाठी रकाना ठेवला होता, तो सध्या रिकामा.

२५ मे, रविवार

'ख'. या शोरूमचे भूपेंद्रभाई पन्नाशीचे आहेत, बोलके. आबांना पहिल्या मिनिटापासून 'काका' आणि मला 'बेन'. गाडी उंच आहे, सीटवर चढ-उतार सोपी. डावा खांब 'क'पेक्षा बारीक.

तरीही डाव्या आरशाने गलेलीच्या, म्हणजे ताडगोळ्यांच्या, हातगाडीला धक्का दिला. भूपेंद्रभाई मागून ओरडले, "काका, डाबी बाजू! डाबी बाजू!" दोन-चार गलेल्या रस्त्यावर घरंगळल्या. हातगाडीवाल्या बाईने आबांना गुजरातीत जे ऐकवलं ते लिहीत नाही. मी गलेल्या विकत घेतल्या, विषय मिटला.

भूपेंद्रभाई म्हणाले, "टेन्शन नहीं बेन, चारों तरफ कॅमेरा छे."

आबा म्हणाले, "हातगाडी मधमा उनी."

हातगाडी मध्ये आली नव्हती, कडेला उभी होती. पण मोठ्या गाडीची रुंदी अंगवळणी पडायला वेळ लागतोच. टेम्पोत ड्रायव्हर अगदी पुढे बसतो, इथे मागे. हे कारण मला पटतं.

३० मे, शुक्रवार

आज गाड्यांचं काही नाही. रात्री जेवताना आबा आईला म्हणाले, "चटणी वाढी नही."

आई म्हणाली, "डोळे उघडे ठेवून बसा. ताटात आहे ती काय आहे मग?"

चटणी होती. ताटात डावीकडे, मीठ-लिंबाच्या खाली, जिथे ती कायम असते. मंगळवारी लोणच्यावरून हेच झालं होतं. आई म्हणते, नोकरी सुटली की पुरुषांची जीभ सुटते. आजपासून तिने चटणी उजवीकडे, भाजीच्या वाटीशेजारी वाढायला सुरुवात केली. भांडण मिटलं.

७ जून, शनिवार

सुट्टी घेतली. एकाच दिवशी दोन्ही गाड्या, त्याच रस्त्यावर, अर्ध्या तासाच्या फरकाने. यावेळी मोजत होते. गाडी पट्टा सोडून डावीकडे किती वेळा सरकली: 'क' चार, 'ख' चार. डावीकडून येणाऱ्या वाहनाला उशिरा ब्रेक: 'क' दोन, 'ख' दोन. उजवीकडे: दोन्हींत शून्य.

तुलनेत उपयोग फक्त फरकाचा असतो. जे दोन्हींत सारखं आहे त्याने निर्णय इकडचा तिकडे होत नाही, ते वजा करायचं. नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. 'डावी बाजू' हा रकाना खोडला. तक्ता सुटसुटीत झाला. उरलं: सीटची उंची, घाटातली बॅटरी, डिकी, वाटेतले चार्जर.

बरं वाटलं.

१५ जून, रविवार

खात्री असावी म्हणून आबांना चष्म्याच्या दुकानात नेलं. मोतीबिंदू नाही. नंबर पाव बदलला. समोरच्या पाटीवरची शेवटची ओळसुद्धा वाचली त्यांनी. तिथला माणूस म्हणाला, या वयात इतके चांगले डोळे बघायला मिळत नाहीत.

आबा घरी येताना खूश होते. "सांगं ना तुले, माले समदं दिखस. एकतीस वरीस टेम्पो चालाडा, एक घासा नही."

हे खरं आहे. शेठने त्यांना निरोपाच्या वेळी नारळ देताना सगळ्यांसमोर हेच सांगितलं होतं.

२२ जून, रविवार

आबांनी अर्धीच दाढी केली. डावा गाल तसाच, पांढरे खुंट. आई हसून हसून दारात बसली. "आता अर्धाच नवरा उरला माझा. उरलेला अर्धा कुणाला दिला?"

आबा पण हसले. आरशात पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "झाई ना चांगली?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. ते चेष्टा करतात. मी हसले नाही, कारण 'ख'च्या बॅटरीची वॉरंटी वाचत होते. आईने साबण लावून उरलेली बाजू करून दिली.

२९ जून, रविवार

बुकिंगआधी 'ख' शेवटची एकदा, भरल्या गाडीने. आई मागे, भूपेंद्रभाई तिच्या शेजारी. यावेळी डुमस रस्ता नको, रोजच्या रहदारीत बघू, हे मीच ठरवलं.

उधन्याकडे वळताना डावीकडून मोपेडवर एक बाई येत होती. ती मला आठ-दहा सेकंद आधीपासून दिसत होती. आबांनाही दिसत असणार असं धरून मी गप्प होते. चालकाला सूचना दिल्या की तपासणी बिघडते.

आबा तिच्यावर वळले.

वेग कमी होता. बाईचा गुडघा आणि कोपर खरचटलं, मोपेडचा दिवा फुटला. माणसं जमली. भूपेंद्रभाईंनी सगळं हातात घेतलं, पाणी मागवलं, बाईला सावलीत बसवलं. आबा उतरून गाडीच्या उजव्या बाजूला उभे होते, रिकाम्या रस्त्याकडे बघत. "काय झायं? कोण व्हतं?" ते विचारत होते. बाई डावीकडे, सहा फुटांवर रडत होती.

मी त्यांच्या डावीकडे उभी राहून म्हणाले, "आबा."

ते उजवीकडे वळले. मग आणखी उजवीकडे. पूर्ण फेरी मारून त्यांनी मला शोधलं.

गाडी मी चालवत परत आणली. भूपेंद्रभाई उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेन, गाडी पछी. पहले काका ने डॉक्टर पासे लई जाओ." त्यांना विकायची होती, तरी म्हणाले.

आत्ता वही मागे उलटवून पाहिली. १८ मे, २५ मे, ३० मे, ७ जून, २२ जून. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

१ जुलै, मंगळवार

डॉक्टरांनी आबांपुढे एक कागद ठेवला. पानभर छोट्या रेघा विखुरलेल्या. "काका, सगळ्या रेघांवर फुली मारा." आबांनी उजव्या अर्ध्यातल्या एकूण एक रेघेवर फुली मारली, नीट, एकही न सोडता. मग पेन टोपण लावून ठेवलं. "झायं."

डावा अर्धा तसाच.

डॉक्टरांनी मला बाहेर विचारलं, हे कधीपासून आहे? बहुतेक लोक म्हणतात, लक्षात नाही, महिना झाला असेल. मी वही दिली. त्यांनी वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. "इतकी व्यवस्थित नोंद मला कुणी आणून दिली नव्हती," म्हणाले, आणि पानांचे फोटो काढून घेतले.

संध्याकाळी एमआरआय. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ. डोळे खरंच चांगले आहेत. डोळ्यांना दिसतं, पण मेंदू डावी बाजू धरतच नाही. मी विचारलं, आबांना आपल्याला दिसत नाही हे कळतं का? डॉक्टर म्हणाले, नाही. अंधार दिसला असता तर कळलं असतं. त्यांना काही कमी वाटतच नाही.

४ जुलै, शुक्रवार

पद्धतीत चूक नव्हती. पद्धत 'क' बरी की 'ख' बरी यासाठी होती, आणि तेवढं तिने सांगितलं. दोन्ही गाड्यांत सारखं एकच होतं. ते मी वजा केलं.

सहा आठवडे. आधी आणलं असतं तर फरक पडला असता का, हे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "फारसा नाही." 'फारसा' म्हणजे किती, हे विचारायला तोंड उघडलं होतं. विचारलं नाही.

आईला वाटतं, तिने चटणीची जागा बदलली नसती तर लवकर कळलं असतं. ती आता भिंतीकडे तोंड करून भाजी निवडते. मी तिला माझा खोडलेला रकाना दाखवला. कोणाची चूक मोठी हे ठरवायला नाही. का दाखवला ते सांगता येत नाही. तिने पानावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अक्षर किती छान आहे गं तुझं."

१२ जुलै, शनिवार

ऑपरेशन झालं. पाच तास दहा मिनिटं. सगळी गाठ निघाली नाही.

२० जुलै, रविवार

तपासणीचा निकाल आला. वाईट प्रकारची आहे. किरणं द्यायची, गोळ्या द्यायच्या. डॉक्टरांनी एक मधला आकडा सांगितला, महिन्यांत. मधला आकडा म्हणजे काय हे मला कळतं. निम्मी माणसं त्याच्या आतच असतात.

आबांना गाडी चालवता येणार नाही हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आई म्हणाली, मला जमणार नाही. मी दुपारी त्यांच्या पलंगाच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसले.

"आबा, डॉक्टर म्हणतात आता गाडी चालवायची नाही."

"किती दिन?"

"आता नाहीच."

ते हाताची बोटं बघत होते, उजव्या हाताची. मग म्हणाले, "कानबाई कधी शे?"

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. पण तुमची किरणं चालू असतील. यंदा आपण इथेच बसवू."

"आनि गाडी?"

"घेऊ ना."

"घे मंग," आबा म्हणाले. "बुक करी ऱ्हायनी व्हती ना तू. लोकं काय म्हनतीन, इतलं फिरी फिरी घिदी नही."

मला वाटलं होतं ते वाद घालतील. वादाची तयारी करून गेले होते.

२ ऑगस्ट, शनिवार

'ख' आली. तक्ता पुन्हा मांडला होता. घाट, बॅटरी, डिकी या सगळ्यांचं वजन शून्य केलं. उरली फक्त सीटची उंची, कारण ऑपरेशनपासून आबांची डावी बाजू अधू आहे, त्यांना चाकाच्या खुर्चीतून सीटवर सरकवावं लागतं आणि 'ख'ची सीट खुर्चीच्या बरोबरीने येते. 'क'ची अकरा सेंटिमीटर खाली आहे. निर्णयाला दोन मिनिटं लागली.

भूपेंद्रभाई स्वतः गाडी घेऊन आले. हार घातला, आबांच्या हातात किल्ली दिली. उजव्या हातात. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. इथे, डिंडोलीत, स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी, पाटावर. गावाहून विठ्ठलकाकांचा फोन आला. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्यासाठी, सव्वा मूठ गहू घेतात. काका म्हणाले, भगवानच्या, म्हणजे आबांच्या, नावाची मूठ मी काढली, तुम्ही पण तिथं काढा, दोनदा झाली तरी चालेल. आईने काढली. मूठ भरताना तिने बोटं जरा सैल सोडली, जास्त मावावे म्हणून.

चार वाजता आबा म्हणाले, "माले गाडीमा बसनं शे." मी डावं दार उघडलं. "तठे नही. मनी जागावर."

मी आणि आईने मिळून त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात. आई मागे, त्यांच्या बरोबर पाठीमागे उजव्या खिडकीशी बसली, म्हणजे बाहेरच्या उजव्या आरशात दिसावी. मी दुसऱ्या बाजूने येऊन डाव्या सीटवर बसले, दार हळू लावलं.

आबांनी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला. डावा मांडीवर पडून होता. "कडोदरा," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "बारडोली उनी." आई म्हणाली, "सावकाश घ्या, रहदारी आहे." व्याऱ्याला त्यांनी चहासाठी थांबू का विचारलं, आई नको म्हणाली. सोनगड झालं.

मग ते आरशात बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "नूतनले सांगू नको."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी बोट ओठांवर ठेवलं नाही.

"काय?" आई म्हणाली.

"माले ती दुसरी गाडी आवडेल व्हती. पहिल्या रविवारनी. बसं की कसं खाले, रस्ताले लागी बसनागत. हाई उंच शे, टेम्पोसारखी. टेम्पो तर जलमभर चालाडा."

"मग तिला सांगितलं का नाही?"

"तिनी इतली वही भरी टाकी. रातभर बसे बिचारी, पट्टी लाई लाई रेघा मारे. मी कसाले मोडता घालू?" ते थांबले. "हुशार शे पोर. पण तिना संगे बोलानं म्हनजे परीक्षा वाटस. दहापैकी किती, म्हने."

आबा हसले. आई हसली नाही.

मी त्यांच्यापासून दीड फुटावर होते. हात लांब केला असता तर त्यांच्या मांडीवरच्या हाताला लागला असता. त्या हाताला ते कळलं असतं की नाही, माहीत नाही.

"कथी गयी व ती?" आबा म्हणाले. "नवापूर उनं. तिले बलाव, घाट दखाडू तिले."

मी दार उघडून उतरले, गाडीच्या पुढून वळसा घातला आणि उजव्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आबांनी मान वर केली. चेहरा एकदम उजळला.

"कधी उनी तू?"

"आठेच व्हतू, आबा."

"बठ मंग. उशीर व्हयी ऱ्हायना."

गाडीत ज्या जागा रिकाम्या होत्या त्या डावीकडच्याच. मी म्हटलं, तुम्ही चालवा, मी इथूनच बघते. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. विसरवाडी गेली. कोंडाईबारीला त्यांनी मला वळणं सांगितली, एकेक, कुठे ट्रक अंगावर येतो, कुठे दुसऱ्या गिअरलाच ठेवायचं. या गाडीला गिअर नाहीत हे मी सांगितलं नाही.

धुळ्याला पोचायला तेवीस मिनिटं लागली. तोपर्यंत मी खिडकीच्या काठावर हात ठेवून उभी होते, आणि त्यांनी दोनदा त्या हातावर थोपटून म्हटलं, घाबरू नको, मी शे ना.